ब्रिटनमधील पक्षीगणनेत भर वस्तीतला चौरस घेण्यात काही अर्थ आहे का?
पक्षी मोजण्यासाठी ठरवून दिलेला चौरस, म्हणजे जमिनीचा चौकोनी तुकडा, फक्त घरे आणि रस्ते असलेला वाट्याला आला, तर तो स्वीकारावा का, असा आपला प्रश्न आहे. अवश्य स्वीकारावा. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी या पक्षी-अभ्यास संस्थेच्या पुढाकाराने १९९४ पासून चालणाऱ्या या विणीच्या पक्ष्यांच्या सर्वेक्षणात एक किलोमीटर बाजूचे चौरस मुद्दाम यादृच्छिक पद्धतीने निवडलेले असतात, कारण स्वयंसेवकांनी आपापल्या आवडीची पक्षीसमृद्ध ठिकाणेच निवडली, तर वस्तीतील पक्ष्यांची घट आकडेवारीत उतरणारच नाही.

हंगामात सकाळच्या दोन फेऱ्या असतात: पहिली एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत, दुसरी त्यानंतर जूनअखेरपर्यंत. साधारण समांतर अशा दोन मार्गांवर, २०० मीटरच्या टप्प्यांनी चालत, दिसलेला किंवा ऐकू आलेला प्रत्येक प्रौढ पक्षी २५ मीटरच्या आत होता, १०० मीटरपर्यंत होता की त्यापलीकडे, हे लिहायचे. घरटी शोधायची नसतात, आणि माझ्या मते हीच या पद्धतीची सर्वांत चांगली बाजू आहे, कारण त्यामुळे विणीला त्रास होत नाही. शहरात मार्ग सरळ राहत नाही आणि परसबागा कुंपणाआड असतात, म्हणून आवाजांची ओळख आधी पक्की करावी.

ग्रीनफिंचचे उदाहरण पाहा. दाणापाण्याच्या जागी पसरणाऱ्या ट्रायकोमोनोसिस या रोगाने २००५ नंतर हा बागांतला नेहमीचा पक्षी झपाट्याने घटला, आणि ही घट किती मोठी होती हे अशाच चौरसांतील वर्षानुवर्षांच्या नोंदींमुळे मोजता आले.