चक्कर येते, पल्स ४६, गोळी बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. माझं वय ६३, बीपीची गोळी चालू होऊन सहा वर्षं झाली, सकाळी मेटोप्रोलॉल ५० आणि रात्री टेल्मिसार्टन ४०. कधी काही त्रास नव्हता पण गेले तीन आठवडे उठलं की गरगरतं, परवा तर बाथरूममध्ये नळाला धरलं म्हणून वाचले नाहीतर पडलेच असते. घरच्या मशीनवर बीपी ११८/७२ म्हणजे चांगलंच म्हणायचं ना, पण खाली पल्स ४८, ४६, एकदा तर ४४ आली. मुलगा म्हणतो गोळी आजच बंद कर, सून म्हणते विचारल्याशिवाय काही करू नका, आणि मी दोघांच्या मधे. बाकी नवीन काही नाही, शुगर नाही, थायरॉईड गेल्या वर्षी नॉर्मल होतं. महिन्याभरापूर्वी काचबिंदू निघाला, त्याचे थेंब तेवढे दोन वेळा घालते पण ते डोळ्याचं झालं. काय करू?

उत्तर : ताई, सुनेचं ऐका. मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर जातीतली गोळी, ती हृदयाचा वेग कमी करते, ते तिचं कामच आहे. पण सहा वर्षं सवय झालेल्या हृदयावरून ती एकदम काढली तर ठोके आणि बीपी उसळी मारतात, छातीत दुखू शकतं, हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. बंद करायचीच झाली तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, साधारण एक-दोन आठवडे घेऊन.

आता मुद्द्याचं. सहा वर्षं जी गोळी निमूटपणे चालली ती अचानक आत्ताच का त्रास देईल? तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंय ना, "ते डोळ्याचं झालं", तिथंच मी थांबलो. थेंबांची बाटली घ्या, चष्मा लावा आणि बारीक अक्षरात टिमोलॉल लिहिलंय का बघा, दोन औषधं एकत्र असलेल्या थेंबांतही ते असतं. टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच. थेंब डोळ्यात घातला तरी डोळ्यातच राहत नाही, कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतो आणि तिथून सरळ रक्तात जातो, गोळीसारखा आधी लिव्हरमधून गाळूनही जात नाही. म्हणजे नाव टिमोलॉल निघालं तर तुम्ही एकाच जातीची दोन औषधं घेताय, आणि बहुतेक वेळा हृदयाच्या डॉक्टरला डोळ्याचं माहीत नसतं, डोळ्याच्या डॉक्टरला गोळीचं (पेशंटही सांगत नाहीत, कारण थेंब म्हणजे औषध असं कुणाला वाटतच नाही).

पण म्हणून थेंबही स्वतःच्या मनाने बंद करू नका, डोळ्यातलं प्रेशर वाढलं की गेलेली नजर परत येत नाही. डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करून पल्सचे आकडे सांगा. लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब असतात जे हृदयाचा वेग कमी करत नाहीत, तुम्हाला काय चालेल ते ठरवतील. तोवर थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा, रक्तात कमी जातं.

मशीनच्या पल्सवर एकदम विसंबू नका, मधेच जादा ठोके पडत असतील तर मशीन चुकतं. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. आणि बीपी बसून घेताय असं वाटतं, एकदा पाच मिनिटं आडवं पडून घ्या मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी घ्या, कुणीतरी जवळ असताना. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर गरगरण्यात उभं राहिल्यावर बीपी पडण्याचाही हात आहे, मग नुसती पल्स सुधारून भागणार नाही.

हे सगळं कागदावर लिहून या एक-दोन दिवसांतच डॉक्टरकडे जा, ईसीजी काढायलाच हवा, कारण हृदयातल्या वायरिंगमध्ये ब्लॉक असला तरी पल्स अशीच मंद होते. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम आणि थायरॉईडही बघतील, टेल्मिसार्टनवर पोटॅशियम वाढू शकतं आणि त्यानेही ठोके मंदावतात. पण शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला किंवा पल्स चाळीसच्या खाली गेली तर थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल, आणि स्वतः गाडी चालवत नाही. हे उत्तर छापून हातात पडेपर्यंत वेळ जातो म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय, इथं छापतोय ते बाकीच्यांसाठी.

प्रश्न : वय ४७, बीपीसाठी फक्त अ‍ॅम्लोडिपिन ५. रोज सायकल चालवतो. पल्स ५२-५४ असते, चक्कर वगैरे काही नाही. वरच्यासारखीच भानगड आहे का?

उत्तर : नाही वाटत. अ‍ॅम्लोडिपिनने ठोके मंदावत नाहीत, त्याच्या लांबच्या नात्यातली डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल ती कामं करतात. रोज सायकल चालवणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याला ५२ पुरतात. पुढच्या तपासणीला एक ईसीजी काढून ठेवा. घोट्यावर सूज मात्र बघत जा, संध्याकाळी मोज्याचा वळ खोल उमटायला लागला तर ती या गोळीची नेहमीची खोड आहे, तेव्हा डॉक्टरांना सांगा.