तुमचे प्रश्न: गूढ घटनांचा तपास कुठून सुरू करायचा?

प्रश्न: आम्ही चार मित्रांनी मिळून जुन्या गूढ घटनांचा नीट अभ्यास करायचं ठरवलंय. पहिलं प्रकरण घेतलंय ‘मेरी सेलेस्ट’ जहाजाचं. भर समुद्रात जहाज सापडलं, माणूस एकही नाही, टेबलावर चहा अजून गरम आणि होड्या जागच्या जागी. याचं वैज्ञानिक स्पष्टीकरण काय असू शकेल?

उत्तर: स्पष्टीकरणाकडे येऊच, पण त्याआधी तो गरम चहा नेमका पाहिला कोणी ते शोधा. तुमचा अर्धा तपास तिथेच होईल.

हे जहाज सापडलं डिसेंबर १८७२ मध्ये, अझोर्स बेटं आणि पोर्तुगालच्या मधे. ‘देई ग्राशिया’ नावाच्या जहाजावरच्या खलाशांना ते दिसलं, ते त्यावर चढले, आणि मग जिब्राल्टरच्या कोर्टात त्यांच्या साक्षी झाल्या. त्या साक्षी आजही वाचायला मिळतात, आणि त्यांत गरम चहा कुठेच नाही. उलट जहाजावरची होडी गायब होती, दिशा बघायची काही उपकरणं आणि जहाजाचे काही कागदही नव्हते, तळाशी साडेतीन फुटांच्या आसपास पाणी साचलेलं, पाणी उपसायचा एक पंप उघडून ठेवलेला, आणि लॉगमधली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, म्हणजे जहाज सापडायच्या नऊ-दहा दिवस आधीची. मग चहा गरम राहील कसा? कॅप्टन ब्रिग्ज, त्यांची बायको, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसं होती, ती होडीत बसून निघून गेली असणार हे यावरून बऱ्यापैकी दिसतं.

मग होड्या जागेवर होत्या हे आलं कुठून? १८८४ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी या घटनेवर एक कथा लिहिली, त्यात जहाजाचं नावही थोडं बदलून ‘मारी सेलेस्ट’ केलं आणि होड्या शाबूत असल्याचं लिहिलं. ती कथाच होती, पण लोकांनी ती खरी धरली, आणि पुढे सांगणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पदरचं काही ना काही घातलं.

आता खरा प्रश्न उरतो तो एवढाच, की अनुभवी कॅप्टन चांगलं तरंगणारं जहाज सोडून बायकामुलांसकट छोट्या होडीत का उतरला. जहाजावर अल्कोहोलची १७०१ पिंपं होती आणि माल उतरवला तेव्हा त्यातली ९ रिकामी निघाली, म्हणून वाफेचा भडका उडेल या भीतीने ते तात्पुरते उतरले असं काहीजण मानतात, तर पंप बिघडल्यामुळे जहाज बुडतंय असा कॅप्टनचा गैरसमज झाला असं दुसरे म्हणतात. मला पंपाची बाजू जास्त पटते, कारण पाणी मोजायची काठी डेकवर पडलेली सापडली होती. पण पुरावा इथेच संपतो, तुम्हीही इथेच थांबा.

आणि हीच पद्धत सगळीकडे चालते. बर्म्युडा ट्रँगलबद्दल लॅरी कुश या ग्रंथपालाने १९७५ मध्ये नेमकं हेच केलं, त्या त्या तारखेची वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी काढून बसला. ‘शांत समुद्रात गायब’ म्हणून सांगितलेली काही जहाजं वादळात बुडालेली निघाली, काही तर त्या भागात नव्हतीच.

प्रश्न: भूत शोधायचं ईएमएफ मीटर घ्यावं का? व्हिडिओत सगळे वापरतात.

उत्तर: नको. ते मीटर विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं, भिंतीतल्या वायरिंगजवळ किंवा खिशातल्या मोबाइलमुळेही त्याचा दिवा लागतो. भूत असलं तर ते क्षेत्र बदलतं हेच मुळात कोणी दाखवलेलं नाहीये, मग त्या आकड्याचा अर्थ काय लावणार? त्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. १९२१ मध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांच्या एका अमेरिकन नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत छापून आली होती, घरात पावलांचे आवाज, कोणीतरी असल्याचा भास, सगळ्यांची डोकी दुखणारी, घरातली झाडंसुद्धा मरगळलेली. घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली होती आणि तिचा धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूसकट, घरातच पसरत होता. हा वायू जीव घेतो, त्यामुळे ‘झपाटलेल्या’ घरात डोकेदुखी किंवा चक्कर अशी तक्रार असेल तर आधी खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि भट्टी, गीझर तपासून घ्या.

प्रश्न: माझ्या बहिणीला रात्री जाग येते पण हलताच येत नाही, छातीवर कोणीतरी काळं बसलंय असं दिसतं. घरचे बाधा म्हणतात, मी भास म्हटलं तर ती रडते. काय करू?

उत्तर: ताईला सांगा की तिने जे पाहिलं ते तिला खरंच दिसलं, ती खोटं बोलत नाहीये. तिथून बोलणं सुरू करा. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात आणि तो खूप जणांना आयुष्यात कधीतरी होतो. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, ते सैल असतानाच अर्धवट जाग आली की हलता येत नाही, स्वप्नातलं दृश्य खोलीत दिसतं आणि छातीवर दाब वाटतो. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत जातं. अपुरी झोप, झोपायच्या बदलत्या वेळा आणि उताणं झोपणं यांनी ते वाढतं, म्हणून आधी कुशीवर झोपून बघायला सांगा. वारंवार होत असेल किंवा दिवसाही झोप आवरत नसेल तर डॉक्टरकडे न्या. आणि कृपा करून तिच्यासमोर ‘भूत नसतंच’ असा वाद घालू नका, भेदरलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो.

प्रश्न: विज्ञानाने तपासूनही कोडं सुटलं नाही तर हार मानायची का?

उत्तर: हार कसली? उत्तराखंडातल्या रूपकुंडचं बघा. पाच हजार मीटरवरचं तळं आणि काठावर शेकडो माणसांच्या हाडांचा खच. गारपिटीत एकाच वेळी सगळे गेले असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०१९ मध्ये ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात २३ जण दक्षिण आशियाई वंशाचे, साधारण सातव्या ते दहाव्या शतकातले आणि तेही एकाच प्रसंगात मेलेले नाहीत, १४ जण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या वंशाचे आणि जेमतेम दोनशे वर्षांपूर्वीचे, तर एक आग्नेय आशियाई. म्हणजे जुनं उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही हे कळलं आणि कोणालाच न सुचलेला नवा प्रश्न समोर आला, की ग्रीसच्या बाजूची ही माणसं हिमालयात एवढ्या उंचीवर कशाला आली होती. तो अजून उघडाच आहे. आता जुनी प्रवासवर्णनं आणि दफ्तरं चाळताना त्यांचा उल्लेख कुठे येतो का ते बघायला हवं.