ॲप म्हणतं "अनियमित", म्हणजे मला पीसीओडी आहे का?

मी डॉक्टर नाही, पण पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवरून हा प्रश्न (पीसीओडी म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी लांबण्याचा त्रास) मला इंदूरमध्ये महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, आणि विचारणाऱ्या बहुतेक मुली १८ ते २२ च्या असतात. त्यातली एक केस तिला विचारूनच लिहितेय, ओळखीचे तपशील बदललेत.

मुलगी १९ वर्षांची, इथल्या भंवरकुआ भागात कोचिंग. आईच घेऊन आली, कारण दोन-तीन आठवड्यांपूर्वी मुलीच्या फोनवर "आज गर्भधारणेची शक्यता जास्त" असं नोटिफिकेशन आलं आणि ते नेमकं आईनं वाचलं. घरात दोन दिवस अबोला. पण मुलीचं टेन्शन वेगळंच होतं. आता ॲप चार दिवस "लेट" दाखवत होतं, वर "सायकल अनियमित, डॉक्टरांना भेटा", मग तिनं रात्रभर पीसीओडी सर्च केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोळी-भात बंद!

आईला थोडा वेळ बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं की संबंध आले होते का, कारण पाळी लांबली की हे आधी विचारावंच लागतं, आणि आले असते तर घरीच प्रेग्नन्सी टेस्ट करून घे म्हटलं असतं. तसं काही नव्हतं. मग आईला आत बोलावून तिघींनी मिळून ॲपमधली हिस्ट्री उघडली. मागच्या पाच सायकल, म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस, २९, ३१, ३०, ४३, ३३ दिवसांच्या. ती ४३ वाली कधीची बघितली तर महालक्ष्म्यांच्या महिन्यातली.

आई एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, गोळ्या मीच दिल्या होत्या. घरात महालक्ष्म्या बसतात, हिची तारीख त्यातच येत होती." पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, मेडिकलमधून आणलेल्या, डॉक्टरांना न विचारता, दहा-बारा दिवस. ह्या गोळ्या चालू असेपर्यंत पाळी थांबते, बंद केल्या की साधारण दोन-तीन दिवसांत येते. म्हणजे ते ४३ दिवस गोळ्यांचे होते, शरीराचे नाही, पण ॲपला हे कोण सांगणार? त्यानं सरळ पाचांची सरासरी काढली, ३३ दिवस, आणि त्यावरून पुढची तारीख टाकली. ते ४३ काढले तर सरासरी ३१ च्या आसपास येते.

मी तिला म्हटलं, अगं, ॲपला तुझ्या पोटातलं काही दिसत नाही, तू टाकलेल्या तारखा एवढंच त्याच्याकडे आहे. बीज कधी सुटलं हे ते पुढच्या अंदाजे तारखेपासून सुमारे १४ दिवस मागे मोजून ठरवतं. परीक्षा, ताप, जागरण, अचानक कमी केलेलं खाणं, ह्यानं बीज उशिरा सुटतं आणि पाळी पुढे जाते, आणि तुझी ह्याच महिन्यात टेस्ट सिरीज चालू होती. ते गर्भधारणेचं नोटिफिकेशनही त्याच हिशेबातून आलेलं, सगळ्यांना येतं, तू काय करतेस ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. हे मी मुद्दाम आईंकडे बघून बोलले. आणि म्हणूनच नुसत्या ॲपच्या "सेफ" दिवसांवर कोणी विसंबू नये, हे लग्न झालेल्या मुलींना मी फार कळकळीनं सांगते.

पीसीओडी ॲपवरून ठरत नाही. पाळी वारंवार ३५ दिवसांच्या पुढे जाते का, हनुवटीवर राठ केस, खूप पिंपल्स आहेत का, हे डॉक्टर बघतात, रक्ततपासणी करतात. तीन महिने पाळीच नाही, दर तासाला पॅड बदलावं लागतंय, आठ दिवसांच्या वर रक्त जातंय, दुखून कॉलेज बुडतंय, तर मात्र थांबायचं नाही. मी डॉक्टर नाही, म्हणून गोळ्यांचा विषय घेऊन दोघींना गायनॅककडे पाठवलंच.

ॲप काढू नकोस म्हटलं, नोटिफिकेशन बंद कर, गोळ्या घेतल्याची नोंद टाक, लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी काढून टाक, नको ते प्रश्न रिकामे सोड. २०२१ मध्ये अमेरिकेत अशाच एका मोठ्या ॲपवर बायकांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशननं कारवाई केली होती, तेव्हा एवढी काळजी हवीच.

पाळी ३९ व्या दिवशी आली. आईंचा फोन आला, सांगत होत्या की त्याही कालनिर्णयवर टिंब करायच्या, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, आणि बारावीच्या वर्षी दोन महिने टिंबच नव्हतं. मग जरा थांबून विचारलं, "पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांना तारीख आली तर?" मी म्हटलं, ताई, हे आता तिलाच विचारा.