कॉपीराइटमधली 'कॉपी' कुठली?

प्रश्न असा आला आहे : कॉपीराइटला मराठीत 'स्वामित्वहक्क' म्हणावे की 'प्रताधिकार'? आणि कॉपी म्हणजे नक्कल असेल, तर नक्कल रोखणाऱ्या कायद्याचे नाव 'नक्कल करण्याचा हक्क' असे उलटे कसे?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. ही कॉपी म्हणजे नक्कल नव्हेच. आपल्याकडे छापखान्यात जी 'मुद्रणप्रत' किंवा 'प्रेसकॉपी' जाते, ती ही कॉपी. इंग्रज कवी मिल्टनने २७ एप्रिल १६६७ रोजी 'पॅरडाइज लॉस्ट' हे आपले महाकाव्य सॅम्युअल सिमन्स या मुद्रकाला विकले. त्या करारात विकायची वस्तू सांगताना 'बुक, कॉपी ऑर मॅन्युस्क्रिप्ट' असे तीन शब्द एका दमात येतात. पाच पौंड हातावर आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्या की आणखी पाच, असा सौदा होता.

लंडनच्या मुद्रक-पुस्तकविक्रेत्यांची 'स्टेशनर्स कंपनी' नावाची संघटना होती. १५५७ मध्ये तिला राजाज्ञेने सनद मिळाली. तिच्या वहीत ज्या सभासदाच्या नावावर कॉपी चढेल, त्यानेच ती छापायची. सातबाऱ्यावर नाव चढावे तसा प्रकार. लेखक सहसा या संघटनेचा सभासद नसे, त्यामुळे वहीत मालक म्हणून त्याला जागा नव्हती. राज्यकर्त्यांनाही हे सोयीचे, कारण कोण काय छापतो यावर आयती नजर राही. १६९५ मध्ये छपाईच्या परवान्यांचा कायदा संपला, तशी विक्रेत्यांची मक्तेदारी डळमळली. ते संसदेच्या दारी गेले आणि तिथे लेखकाचे नाव पुढे झाले. १७१० च्या राणी ॲनच्या कायद्याचे शीर्षकच सांगते की तो विद्येला उत्तेजन देण्यासाठी आहे आणि त्यासाठी कॉपीची मालकी लेखकाकडे 'किंवा ती विकत घेणाऱ्याकडे' सोपवतो. त्या 'किंवा'त विक्रेत्यांचे सगळे राजकारण आले. मुदत मात्र ठरली : नव्या पुस्तकाला १४ वर्षे, तोवर लेखक हयात असेल तर आणखी १४. मालकी कायमची आहे, असे म्हणणाऱ्या विक्रेत्यांचा दावा 'डोनाल्डसन विरुद्ध बेकेट' खटल्यात १७७४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने फेटाळला. (आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे मुदत होती. टागोर १९४१ मध्ये गेले. त्यांच्या वाङ्मयाची मुदत संपत आली तेव्हा ती सरसकट ६० करण्यात आली.)

तेव्हा 'प्रताधिकार' हा शब्द मला चपखल वाटतो. 'मूळ प्रत'ही प्रतच आणि 'हजार प्रती काढल्या'तलीही प्रतच. इंग्रजी कॉपीसारखाच दुहेरी संसार. संस्कृत 'प्रति' धरून 'प्रत्यधिकार' हवे, असे कुणी म्हणेल. पण 'प्रत' हा शब्द मराठीत केव्हाच मुरला आहे, संधीचा हट्ट कशाला? हिंदीतल्या कायद्याने 'प्रतिलिप्यधिकार' केले आहे. त्यात नक्कल तेवढी उरली, आणि म्हणताना धाप लागते ती वेगळीच.

मग 'स्वामित्वहक्क' चूक का? चूक नाही, तो रुळलेला आहे. पण तो मालकीवर इतका भर देतो की दुसरी एक गोष्ट झाकली जाते : मालकी विकता येते, लेखकपण विकता येत नाही. आपल्या कायद्याचे कलम ५७ हेच सांगते. सर्व हक्क विकून टाकले, तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा आणि मोडतोडीने नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

मालकीची भाषा नसतानाही ही जाण आपल्याकडे होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले की यात जो आपली ओवी घालील, त्याने 'अमृताचे ताटीं नरोटी ठेविली' असे समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. 'तुका म्हणे' ही नाममुद्राही कर्त्याची खूण, मालकाची नव्हे. गाथ्यात तर पायरसीच्या नेमका उलटा प्रकार झाला : लोकांनी स्वतःचे अभंग रचून खाली तुकोबांचे नाव घातले, आणि क्षेपक, म्हणजे मागाहून घुसवलेले अभंग कोणते, याचा वाद अभ्यासक अजून घालत आहेत.

व्यवहारात काय लिहावे? बोलताना कॉपीराइटच म्हणा. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'स्वामित्वहक्क : लेखक' सर्वांना कळते. कायद्याबद्दल लिहिताना 'प्रताधिकार' वापरा. 'स्वामित्वधन' म्हणजे रॉयल्टी, ते 'मानधन' नव्हे. दिवाळी अंकाचे पाकीट मानधनाचे असते. जुन्या पुस्तकांवर '१८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केले आहे' अशा अर्थाची ओळ दिसते, तशी आज लागत नाही. हक्क लिहिताक्षणीच निर्माण होतो, नोंदणी ऐच्छिक आहे. आणि नुसते 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' लिहिलेल्या करारावर सही करणार असाल, तर त्यात मुदत घालून घ्या. ती लिहिलेली नसेल तर कलम १९ प्रमाणे पाच वर्षे धरली जाते.