मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दल फॅमिली डॉक्टरांना सांगावे का?

वडील मानसोपचारतज्ज्ञांकडे जातात हे फॅमिली डॉक्टरांना कळवावे का, आणि दोघे एकमेकांशी बोलतच नसतील तर काय करावे, असे आपण विचारले आहे. कळवावेच.

माझे वडील वारल्यानंतर 74 वर्षांच्या आईचे जेवण आणि झोप दोन्ही तुटले, म्हणून तिला साताऱ्याहून पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले आणि एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध सुरू झाले. तिला उतारही पडला. थोरल्या बंधूंचा मात्र आग्रह, की आमच्या डॉक्टरांना यातले काही कळता कामा नये, कारण त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर निम्मी पेठ बसलेली असते. दीड महिन्याने रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी, त्यांना ठाऊक होते तेवढ्यावर योग्यच, हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी दिली. उतारवयात या दोन्ही औषधांनी रक्तातले सोडियम कमी होऊ शकते आणि ती एकत्र आली की धोका वाढतो. पंधरवड्यात आई मला मामाच्या नावाने हाक मारू लागली, भिंत धरून चालू लागली. डॉक्टर म्हणाले, वयोमान. पुण्याहून फोनवर उत्तर आले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असावी. ती न्हाणीघरात पडली तेव्हा कुठे इस्पितळात रक्त तपासले गेले. सोडियम किमान 135 हवे, ते 118 होते. ते घाईने वाढवल्यास मेंदूला इजा होते, म्हणून पाच दिवस अतिदक्षता विभागात गेले. सहाव्या दिवशी तिने विचारले, कुंड्यांना पाणी कोण घालते आहे.

तज्ज्ञ आपणहून पत्र लिहितील ही आशा सोडावी. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचे पत्र फॅमिली डॉक्टरांकडे जाण्याची रीत आहे. आपल्याकडे केसपेपर रुग्णाच्या पिशवीतून फिरतो, तेव्हा निरोप्याही आपणच. सर्व गोळ्या, त्यांची मात्रा आणि कोणी कधी सुरू केली हे एकाच कागदावर लिहून तो दोन्हीकडे, न विचारता, टेबलावर ठेवावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्क देतो. ती मागताना संकोच नको.

या दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्या सर्वांनाच त्रास होतो असे नाही, त्यामुळे आपल्या मनाने काहीही बंद करू नये. सोडियमच्या तपासणीबद्दल मात्र विचारावे. आणखी एक, वडिलांची संमती आधी घ्यावी. आम्ही आईला विचारलेच नव्हते. पुढे विचारले तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुझ्या गोवरापासून मी त्या डॉक्टरांपुढे रडत आले आहे, त्यांच्यापासून काय लपवायचे?" बंधूंना हे वाक्य मी दोनदा ऐकवले आहे. ते अजूनही रक्तदाबाच्या गोळीलाच दोष देतात.