डावा चॅनेल गेला, म्हणून अख्खा बोर्ड बदलायचा?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ भांडुपहून लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेतो. चार कॅमेऱ्यांतून हवं ते चित्र निवडणारा स्विचर आहे. मागच्या महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये साउंडवाल्याने घाईत गुरुजींच्या स्टँडवरच्या माइकला वाय केबल (एका वायरीची दोन टोकं करणारी) लावली आणि एक टोक आमच्या हातात दिलं. ते स्विचरच्या डाव्या एक्सएलआरला (माइकच्या तीन पिनांच्या सॉकेटला) खोचताच ‘टॉक’ असा आवाज झाला आणि डावा चॅनेल गेला, तो गेलाच. उजव्यात वायर हलली की खरखर येते. कॅमेऱ्यातून एचडीएमआयने येणारा आवाज मात्र स्वच्छ आहे. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ऑडिओ बोर्ड बदला. त्यांनी सांगितलेल्या पैशांत सेकंडहँड स्विचर येईल. काय करावं?

उत्तर : लगेच बोर्ड घेऊ नका. सर्व्हिसवाल्यांचंही चुकत नाही म्हणा, बोर्ड बदलला की मशीन चालू होतं आणि त्यांचं काम संपतं. पण तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे बिघाड आहेत, आणि दोन्ही बहुधा बोर्डाच्या एकाच कोपऱ्यात आहेत.

कॅमेऱ्याचा आवाज चित्राबरोबर डिजिटल रूपातच येतो. त्याला तुमच्या अ‍ॅनालॉग इनपुटच्या वाटेने जावं लागत नाही. तो स्वच्छ आहे, म्हणजे आतलं मिक्सिंग आणि पुढचं रेकॉर्डिंग शाबूत आहे. बिघाड एक्सएलआर सॉकेटपासून आवाजाचं डिजिटल करणाऱ्या आयसीपर्यंतच्या टप्प्यात शोधायचा.

मशीन उघडण्याआधी मेनूत दोन गोष्टी बघा : चॅनेल म्यूट नाही ना, आणि ‘ऑडिओ फॉलो व्हिडिओ’ (पडद्यावर ज्याचं चित्र, त्याचाच आवाज) चालू राहिलेलं नाही ना. या दुसऱ्या सेटिंगपायी लोक धडधाकट मशीन घेऊन लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठतात. मग मोबाइलवरून एक किलोहर्ट्झचा टोन द्या आणि डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करा. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर मशीन निर्दोष. डावीकडेच राहिला आणि पडद्यावरचा मीटरही हलला नाही, तर बिघाड इनपुटलाच.

आता तो ‘टॉक’. स्टँडवरचा माइक कंडेन्सर, म्हणजे चालायला वीज लागणारा, असणार. त्याला साउंडवाल्याचा मिक्सर ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय देतो, आणि तो आवाजाच्याच वायरीतून येतो. वाय केबल लावली की तो तुमच्या दारात हजर. इनपुटला डीसी अडवणारे कपॅसिटर असतात खरे, पण चालू फँटमवर वायर खोचली की त्या क्षणाचा झटका त्यांना ओलांडून पुढच्या ऑप-अँपपर्यंत, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या आयसीपर्यंत, पोचतो. माझा पहिला संशय त्याच्यावर.

झाकण उघडाल तेव्हा प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या. पॉवर सप्लाय आतच असेल तर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, त्या बाजूला हात नको. सॉकेटच्या मागे आठ पायांचे छोटे आयसी दिसतील. त्यांवर बऱ्याचदा ५५३२ किंवा ४५८० असा आकडा असतो. मशीन चालू करून, मल्टिमीटर डीसीवर ठेवून पाय ८ आणि पाय ४ वर सप्लाय मोजा. एक अधिक आणि एक उणे असा जोडसप्लाय असेल तर आउटपुटचे पाय, म्हणजे १ आणि ७, शून्याजवळ हवेत. एकेरी सप्लाय असेल तर निम्म्यावर. एखादा पाय सप्लायच्या टोकाला जाऊन चिकटला असेल, तर तो अँप गेला असं धरा. एका आयसीत दोन अँप असतात, त्यामुळे एक मेला तरी दुसरा जिवंत असू शकतो. आयसी दोन वडापावच्या पैशांत मिळतो. मजुरी हॉट एअर (गरम हवेने आयसी काढण्या-बसवण्याचं यंत्र) नीट हाताळणाऱ्याला द्यायची, आणि शेजारचे कपॅसिटरही त्याच वेळी बदलून घ्यायचे.

उजवीकडची खरखर त्या मानाने किरकोळ. वायर ओढली-ताणली गेल्याने सॉकेटच्या पिनेभोवती सोल्डरला गोल चीर पडते. भिंगाखाली बघा. जुनं सोल्डर काढून नवं भरलं की खरखर थांबते.

सप्लायच कमी-जास्त येत असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल. आणि डिजिटल करणारा आयसीच गेला असेल, तर मात्र बोर्ड बदला. तेव्हा फक्त मॉडेल नाही, बोर्डावर छापलेला पार्ट नंबर आणि रिव्हिजन जुळवून घ्या. पट्टी केबल काढण्याआधी फोटो काढा आणि तिचं लॉक नखाने अलगद उचला. ते तुटलं की सुटं मिळत नाही. बोर्डाचे सगळे स्क्रू परत लावा. काही ठिकाणी अर्थिंग त्या स्क्रूतूनच चॅसीला जातं. एखादा राहिला की आवाजात हम, म्हणजे सततची घुंई, सुरू. मग झाकण लावून टोन तासभर चालू ठेवा. काही दोष गरम झाल्यावरच तोंड दाखवतात.

तोवर ऑर्डरी सोडू नका. साउंडवाल्याचा लाइन आउट एका कॅमेऱ्याच्या ऑडिओ इनपुटला द्या, कॅमेऱ्यात ‘लाइन’ निवडा, आवाज एचडीएमआयमधून स्विचरला जाईल. कॅमेऱ्याला फक्त माइक इनपुट असेल तर मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावा. आणि हॉलमध्ये कोणाचीही वायर खोचण्याआधी तिच्या पिन १ आणि २, मग १ आणि ३ मध्ये डीसी मोजा. चाळीसच्या वर आकडा दिसला की साउंडवाल्याला हाक मारा, गुरुजी थांबले तरी चालतील.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या मंडळाच्या लाइव्हमध्ये आरतीचा आवाज आधी आणि ओठ नंतर हलतात. ऑडिओ बोर्ड बिघडला का?

उत्तर : नाही. आवाज मिक्सरमधून थेट येतो, चित्र कॅमेरा आणि स्विचरमध्ये दोन-तीन फ्रेम रेंगाळतं. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. स्विचरमध्ये मिक्सरच्या इनपुटला ८० मिलिसेकंदांचा ऑडिओ डिले द्या. मग माइकजवळ, कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्डिंग बघा आणि चाळीस-चाळीसने कमी-जास्त करा. मंडपातल्या स्पीकरच्या लाइनला मात्र हा डिले लावू नका.