हिरागाना : उच्चार आपल्याकडे आहेत, मात्रा शिकायच्या आहेत

काही महिन्यांत आपल्याला जपानमधील नागोयाला राहायला जायचे आहे आणि हाताशी हिरागाना या जपानी लिपीचा देवनागरीत लिहिलेला तक्ता व रोजच्या वाक्यांची यादी आहे. तेवढ्यावर भागेल की लिपी खरोखरच गिरवावी लागेल, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते लिपी गिरवावीच, आणि तीही वाक्ये पाठ करण्याच्या आधी. देवनागरी तक्ता पहिला आठवडाभर सोबतीला ठेवावा आणि मग कपाटात टाकावा. जपानी उच्चार अवघड आहेत म्हणून मी हे सांगत नाही. मराठी माणसाला ते जवळपास आयते मिळतात. घोडे अडते ते मात्रांपाशी, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेच्या मापापाशी, आणि नेमक्या मात्राच देवनागरीत नीट उतरत नाहीत.

आधी आयते काय ते पाहू. हिरागानाची मूळ अक्षरे ४६ आहेत. आ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर आणि त्यांच्यामागून का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या ओळी, असा त्यांचा क्रम आहे. तो ओळखीचा वाटतो, कारण मुळात तो आपल्या वर्णमालेचाच क्रम आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून संस्कृत वर्णांचा अभ्यास करीत, त्यातून तो जपानमध्ये रुजला. क-वर्गाच्या जागी का, च-वर्गाच्या जागी सा, त-वर्गाचे ता आणि ना, प-वर्गाच्या जागी हा आणि मा, शेवटी या, रा, वा. यात 'हा' कुठून आला असे वाटेल. तर प्राचीन जपानीत या ओळीचा उच्चार 'पा' असा होता आणि पुढे तो बदलत 'हा' झाला, असे भाषाभ्यासक मानतात. हे एकदा ध्यानात आले की पुढचा एक नियम घोकावा लागत नाही : अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की काचा गा आणि ताचा दा होतो, पण हाचा मात्र बा होतो, आणि रेघांऐवजी छोटे वर्तुळ दिले तर पा होतो.

ओळींमधील अपवादही आपल्याला फारसे परके नाहीत. सा ओळीत 'सि' नसून 'शि' आहे. म्हैस या शब्दाचे अनेकवचन म्हशी करणाऱ्यांना याचे नवल वाटू नये. ता ओळीतील दुसरे अक्षर 'चिमणी'तल्या चि-सारखे आणि तिसरे 'चूल'मधल्या च-सारखे आहे. हे तिसरे अक्षर तक्त्यांत 'त्सु' असे छापलेले असते आणि ते वाचून लोक त् आणि सु असे दोन तुकडे पाडून म्हणतात; त्याऐवजी चुलीतला च ऱ्हस्व उकार लावून म्हणावा. 'ज'चेही तसेच : 'गोजाइमासु' म्हणताना जाळ्यातला ज, जीवातला नव्हे. हा ओळीतील 'फु' मात्र खालचा ओठ दातांना न लावता, दिवा फुंकल्यासारखा दोन्ही ओठांमधून सोडावा. एकट्याने उभा राहणारा 'न्' तर आपल्या अनुस्वाराचाच भाऊ आहे. अंगण, अंत, आंबा या शब्दांत अनुस्वार जसा पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, तसाच तोही बदलतो; म्हणून वर्तमानपत्राला म्हणतात तो शब्द लिहायचा 'शि-न्-बु-न्' आणि वाचायचा 'शिम्बुन्'.

आता मात्रांकडे वळतो, कारण खरे काम इथे आहे. जपानीत प्रत्येक हिरागाना अक्षराला साधारण एक मात्रा मिळते. दीर्घ स्वराची वाढीव मात्रा वेगळे अक्षर लिहून दाखवतात, द्वित्वाची मात्रा छोट्या 'त्सु'ने दाखवतात, आणि एकट्या 'न्'लाही पूर्ण मात्रा असते. देवनागरीत ए आणि ओ यांना ऱ्हस्व-दीर्घ भेदच नाही. त्यामुळे 'इथे' या अर्थाचा कोको आणि 'उच्च माध्यमिक शाळा' या अर्थाचा कोऽकोऽ हे दोन्ही शब्द आपल्या वहीत सारखेच उमटतात. (दीर्घ ओकारासाठी मी इथे अवग्रह वापरतो आहे, आपल्या तक्त्यात तो बहुधा नसेल.) हिरागानात मात्र पहिला शब्द दोन अक्षरांचा आणि दुसरा को-उ-को-उ असा चार अक्षरांचा आहे, डोळ्यांना फरक दिसतो, म्हणून तोंडातही उतरतो. शिवाय शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याची आणि म्हणण्याची आपली सवय जपानीत सोबत येते, आणि तिथे ती उपयोगाची नाही.

एक जोडी जवळून पाहा. रुग्णालय म्हणजे 'ब्योऽइन्' : ब्यो, ओ, इ, न् अशा चार मात्रा. केस कापायचे सौंदर्यालय म्हणजे 'बियोऽइन्' : बि, यो, ओ, इ, न् अशा पाच. पहिल्या शब्दात 'यो' हे अक्षर लहान आकारात लिहून 'बि'ला चिकटवलेले असते आणि दुसऱ्यात ते पूर्ण आकारात असते. एवढाच काय तो भेद. टाळ्या वाजवत दोन्ही शब्द म्हणून पाहावेत, चौथी टाळी कुठे पडते ते लगेच कळेल. द्वित्वाचेही असेच : 'किते कुदासाइ' म्हणजे 'या', आणि 'कित्ते कुदासाइ' म्हणजे 'कापा'. गडी आणि गड्डी यांत आपण गल्लत करीत नाही, तेव्हा हा भेद कानाला जड जाऊ नये. मात्र त् वर एक मात्राभर थांबायला विसरू नये.

गिरवण्यासाठी गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि रोज एक ओळ हाताने, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने लिहावी. दुसऱ्या दिवशी तक्ता न पाहता आदल्या दिवसाची ओळ लिहून मगच पुढे जावे. मोबाईलवरील ॲप अक्षर ओळखायला शिकवतात, पण अक्षर आठवायला हातच शिकवतो, असे माझे ठाम मत आहे. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची वेगळी पाने करावीत. 'नु'च्या शेवटी गाठ असते, 'मे'ला नसते. 'रु'च्या तळाशी गाठ असते, 'रो'ला नसते. 'ने', 'रे' आणि 'वा' यांचा डावा भाग सारखाच असतो, शेपटी तेवढी वेगळी : ने-ची गाठ मारते, रे-ची बाहेर वळते, वा-ची आत वळते. 'कि' आणि 'सा' छापील अक्षरांत पुष्कळदा सलग दिसतात, पण हाताने लिहिताना त्यांचा खालचा भाग तोडून लिहितात. हे ठाऊक नसल्यास हस्तलिखित चिठ्ठी वाचताना गोंधळ उडतो.

वाचनात एक खाच मात्र आहे. कर्त्यानंतर किंवा विषयानंतर येणारा प्रत्यय 'हा' लिहितात आणि 'वा' वाचतात. दिशेचा 'हे' लिहून 'ए' वाचतात. कर्माचा प्रत्यय 'वो'च्या अक्षराने लिहून 'ओ' वाचतात. १९४६ साली जपानी लेखन उच्चाराच्या जवळ आणले गेले, तेव्हा या तीन प्रत्ययांचे जुने लेखन तसेच राखले गेले. म्हणूनच 'कोन्निचिवा' या नमस्काराच्या शब्दाचे शेवटचे अक्षर 'हा' असते.

वाक्यरचनेबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागून आणि प्रश्नार्थक 'का' वाक्याच्या अखेरीस, हे सगळे आपलेच आहे. 'पुने कारा किमाशिता' म्हणजे 'पुण्याहून आलो'. त्याला 'का' जोडला की 'पुण्याहून आलात का?'.

वाक्यांच्या यादीतून मी निम्मी वाक्ये काढून टाकीन. निरोपाचा 'सायोनारा' हा त्यांतला पहिला बळी, कारण रोज भेटणाऱ्या माणसांना तो कोणी फारसा म्हणत नाही. कार्यालयातून आधी निघताना 'ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु' म्हणतात आणि मागे राहणारे 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणतात. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' असे यादीत असेल, तेही काढावे आणि समोरच्याच्या आडनावाला आदरार्थी 'सान्' जोडावे, पण स्वतःच्या नावाला कधीही नाही. 'सुमिमासेन्' मात्र पक्के करावे, कारण माफी मागायला, दुकानात लक्ष वेधायला आणि कोणी आपल्यासाठी तसदी घेतली तर आभार मानायलाही ते चालते. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देसु' आणि 'मासु' यांतला शेवटचा उ जवळपास गिळतात. 'दाइजोऽबु देसु', म्हणजे 'ठीक आहे', जपून ऐकावे : पिशवी हवी का, या प्रश्नाला दिलेले हे उत्तर बहुतेक वेळा 'नको' असते.

आपण शाकाहारी असल्यास 'बेजितारिआन्' या शब्दावर विसंबू नये. माशाचा अर्क असलेले 'दाशि' नावाचे पाणी सूपपासून भाजीपर्यंत सर्वत्र असते आणि अनेकांच्या लेखी त्याने पदार्थ मांसाहारी होत नाही. 'निकु मो साकाना मो ताबेमासेन्', म्हणजे मांसही खात नाही आणि मासेही नाही, हे आधी सांगावे आणि मग 'साकाना नो दाशि वा हाइत्ते इमासु का', म्हणजे यात माशाचे दाशि आहे का, असे विचारावे. 'हाइत्ते इमासु' ऐकू आले तर आहे, 'हाइत्ते इमासेन्' आले तर नाही.

हीच कसोटी सगळ्या यादीला लावावी : ज्या प्रश्नाचे उत्तर कळणार नाही, तो प्रश्न अजून पाठ करू नये. 'एकि वा दोको देसु का', म्हणजे स्थानक कुठे आहे, हे शिकायचे तर त्याच दिवशी मिगि म्हणजे उजवीकडे, हिदारि म्हणजे डावीकडे आणि मास्सुगु म्हणजे सरळ हेही शिकावे. स्थानकांच्या पाट्यांवर नाव हिरागानातही लिहिलेले असते, त्यामुळे वाचनाचा सराव तिथे फुकटात होईल. खाद्यपदार्थांच्या यादीतील कोऽहिऽ (कॉफी) आणि केऽकि (केक) असे परभाषेतून आलेले शब्द वाचायला मात्र काताकाना ही दुसरी जपानी लिपी लागेल, ती हिरागाना संपताच सुरू करावा. पाठ्यपुस्तक हवे असल्यास जपान फाउंडेशन या संस्थेचे 'इरोदोरि' ध्वनिफितींसह इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि त्यातील प्रसंग जपानमध्ये राहणाऱ्यांच्याच रोजच्या व्यवहाराचे आहेत.